एचआरचं टेबल आणि पगारानंतरचा आठवडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आणि जोडीला छोटं मशीन शॉप. माणसं २४०, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. एचआरला तुम्ही, एक टाइमकीपर आणि पगार करणारा एक मुलगा. मालक दोघे भाऊ. आता पुढची पिढीही शिकून परत आली आहे. सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगला तुम्हाला बोलावत नाहीत. "तुम्ही फक्त माणसं द्या, बाकीचं आम्ही बघतो," असं मालक तोंडावर म्हणतात. एका सल्लागाराने एचआरचं सॉफ्टवेअर घ्या आणि सगळ्यांना केआरए (प्रत्येकाच्या कामाची ठरवून दिलेली उद्दिष्टं) लावा, असं सुचवलंय. तुम्ही विचारताय की त्यात पैसे घालावेत का, आणि एचआरचा कंपनीला आणि मालकांना खरोखर उपयोग व्हावा म्हणून सुरुवात कुठून करायची.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. केआरए तर मुळीच नको. आणि मीटिंगमधली खुर्ची निदान सहा महिने मागू नका. का, ते पुढे येईलच.

मी गोकुळ शिरगावात टाइम ऑफिसला लागलो तेव्हा गेटवर कार्ड पंच करायचं घड्याळ होतं. अठ्ठावीस वर्षं झाली. मधल्या काळात 'पर्सोनेल'ची पाटी उतरली, 'एचआर'ची चढली. टेबल आणि त्यावरच्या फायली बऱ्याच ठिकाणी त्याच राहिल्या. त्यातल्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून थोडं हक्काने लिहितो.

मालकांचं ते वाक्य अपमान म्हणून घेऊ नका. कोल्हापूरचा कारखानदार बहुतेक वेळा उद्यमनगरातल्या शेडमधून आलेला असतो. ऑइल इंजिनचे सुटे भाग करत करत वडिलांनी भट्टी टाकली, पोरं तिथंच वाढली. चाळीस माणसं होती तेव्हा मालकच एचआर होता. कुणाच्या पोरीचं लग्न आहे, कुणाला उचल द्यायची, कोण पिऊन येतो, सगळं त्याच्या डोक्यात असायचं आणि निकाल जागच्या जागी लागायचा. माणसं २४० झाली की हे डोक्यात मावत नाही, पण सवय राहते. तुमचं खातं त्यांनी उघडलं ते पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर यांच्यासाठी. त्यांच्या लेखी तुम्ही कागद सांभाळणारी मंडळी आहात. हे मत चर्चेने बदलत नाही. मी तीनदा प्रेझेंटेशन दिलंय, एकदा तर रंगीत. चहा झाला, "छान" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की सेकंड शिफ्टला नॉक-आउटला (साचे फोडून नग काढतात तिथं) चार माणसं कमी आहेत, बघा.

तर पहिले तीन महिने कागदच बघा, पण नीट. तुमच्या टेबलाशी माणूस किती वेळा परत येतो, यावर शॉपमध्ये, म्हणजे खाली काम चालतं तिथं, तुमची पत ठरते.

एक प्रसंग सांगतो. एका फौंड्रीत भट्टीवरचा एक जुना ओतारी पीएफचा ॲडव्हान्स काढायला आला. मुलीचं लग्न तोंडावर होतं. क्लेम दोनदा परत आलेला. आमच्या मुलाने दोन्ही वेळा "पोर्टलचा प्रॉब्लेम आहे, पुढच्या आठवड्यात या" असं सांगून पाठवला होता. तिसऱ्यांदा तो अर्ध्या दिवसाचा खाडा करून आला, तेव्हा मी स्वतः बसलो. वीस मिनिटांत कळलं की आधीच्या कंपनीने त्याची काम सोडल्याची तारीख भरलेलीच नव्हती, त्यामुळे जुनं खातं इकडे येत नव्हतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले की ही तारीख सभासद स्वतःच पीएफच्या यूएएन पोर्टलवर भरू शकतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, बस. आणि त्याच्या आधारला जोडलेला नंबर होता थोरल्या मुलाचा, जो पुण्यात. फोन लावला, ओटीपी घेतला, काम झालं. लग्नाची पत्रिका द्यायला तो ऑफिसात आला तेव्हा सोबत भट्टीवरचे अजून तिघं होते, तिघांच्या हातात आधार कार्डं.

त्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली. दोनशे पानी, साधी. शिफ्ट बदलताना अर्धा तास खिडकी उघडी, आणि जो येईल त्याचं नाव, प्रश्न, आणि तो कितव्यांदा आलाय ते लिहायचं. तुम्हीही हेच करा. महिन्याभराने वही चाळली की दिसेल की चार-पाच गोष्टीच पुन्हा पुन्हा येतात: ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास जुळत नाहीत, पीएफला नावात फरक, ईएसआयचं कार्ड कुटुंबाच्या नावांसकट निघालेलं नाही, रजा शिल्लक किती ते कळत नाही. ईएसआयबद्दल तर एवढं अज्ञान आहे की वाईट वाटतं. महिन्याला २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्याला हे लागू. मालक ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, आणि नोंद झाली की औषधोपचार मिळतो. आजारपणाची रजा ७० टक्के वेतनासह मिळते, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरलेले हवेत. हे कुणी समजावून सांगत नाही. मग पोरगा पाय मोडून घरी बसतो, सावकाराकडे जातो, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या गेटवर उभा असतो. ठेकेदाराच्या माणसाची ईएसआय नोंदणी उशिरा झाली आणि मध्येच अपघात झाला, तर ते प्रकरण मूळ मालकाच्या दारात येतं. एवढं एक वाक्य मालकांना सांगितलंत तरी ठेकेदाराचं चलन तपासायची मुभा तुम्हाला त्याच दिवशी मिळेल.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंत मालकांना आधार कसा द्यायचा. माझं मत जरा वेगळं आहे. २४० माणसांच्या फौंड्रीत दोन-चार मालक असतात, पण मोल्डिंग (साचे), मेल्टिंग (भट्टी), कोअर शॉप (साच्यात बसवायचे गाभे), फेटलिंग (ओतलेले नग घासून साफ करणं), मशीन शॉप मिळून दहा-बारा सुपरवायझर असतात. कामगाराला कंपनी दिसते ती त्यांच्या तोंडातून. रात्री दोन वाजता भट्टी तयार आहे आणि ओतायला माणूस नाही, तेव्हा निर्णय मालक घेत नाही, हा सुपरवायझर घेतो. एचआरने ज्यांना सांभाळायचं ते पुढारी हेच. आणि नेमकं यांनाच एचआरकडून नोटिसा आणि फॉर्म सोडून काही मिळत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका मोठ्या फौंड्रीत मी उत्साहाने पाच पानी मूल्यमापन आणलं. केआरए, वेटेज, स्व-मूल्यांकन, सगळं. महिन्याने फॉर्म परत आले. फेटलिंगच्या सुपरवायझरने पस्तीस माणसांना पाचपैकी तीन दिलेले, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. मी चिडून खाली गेलो. तो ग्राइंडरच्या आवाजात ओरडून म्हणाला, "सायेब, फारम राहू दे तिकडं. मला उद्या किती माणसं येणार तेवढं आज संध्याकाळी सांगा की!" मी त्याला काही तरी तत्त्वज्ञान ऐकवलं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर मी चार आठवडे सेकंड शिफ्टला बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. तिथं दिसलं की सुपरवायझरचा निम्मा जीव हजेरीत जातो. चार वाजता शिफ्ट सुरू, सव्वाचारपर्यंत तो फोन लावत असतो, साडेचारला कोअर शॉपमधून दोन माणसं ओढून मोल्डिंगला लावतो. कोअर शॉप तिथं मागे पडतं, आणि ज्याने कधी साचा बंद केला नाही तो साचा बंद करतो. दुसऱ्या दिवशी रिजेक्शनमध्ये कोल्ड शट (ओतलेला धातू नीट एकजीव न होणं) आणि वाळूचे डाग वाढले की क्वालिटीवाला मेल्टिंगवाल्याशी भांडतो. खाड्यापासून रिजेक्शनपर्यंतची ही वाट कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हती, कारण खाडे आमच्याकडे आणि रिजेक्शन त्यांच्याकडे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले एवढंच केलं.

आपल्याकडचे खाडे आंधळे नसतात, त्यांना पंचांग असतं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. गावोगावच्या यात्रा, म्हाई. त्या दिवशी मटणाचं जेवण आणि पै-पाहुणे सोडून कुणी भट्टीवर येणार नाही, आणि येईल अशी अपेक्षा ठेवणाराच वेडा. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या माणसांची पावसाळा लागला की भाताची रोपणी. ऊस तुटायला लागला की शेतावर एक माणूस लागतोच, टोळी कधी येईल सांगता येत नाही. उत्तरेकडून आलेली मुलं छठला आणि होळीला जातात, आणि एप्रिल-मे लग्नसराईत पुन्हा जातात. हे सगळं आधीपासून माहीत असतं. फक्त लिहिलेलं नसतं. आम्ही प्रत्येक माणसाच्या नावापुढे गाव लिहिलं आणि गावांच्या यात्रांच्या तारखा सुपरवायझरांकडूनच गोळा केल्या. भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं. कुठल्या आठवड्यात मोल्डिंगची सहा माणसं एकाच गावची म्हणून एकदम जाणार आहेत, ते दीड महिना आधी दिसायला लागलं. मग प्लॅनिंगवाला स्वतः येऊन त्या कॅलेंडरपुढे उभा राहायला लागला. मीटिंगचं निमंत्रण मला त्या कॅलेंडरमुळे मिळालं, रंगीत प्रेझेंटेशनमुळे नव्हे.

त्याच कॅलेंडरला पुराची पट्टी जोडा. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रश्न असा की ३९ फुटांना तुमची कंपनी काय करते? शिरोळ तालुक्यातला, प्रयाग चिखली-आंबेवाडीकडचा माणूस त्या रात्री घरच्यांना आणि जनावरांना हलवत असतो. त्याचे ते दिवस खाड्यात धरायचे की रजेत, हे पाणी चढण्याआधी मालकांच्या सहीने ठरलेलं असावं. कोण माणसं कंपनीच्या बाजूला अडकतील, त्यांचं जेवण-झोपणं कुठे, पगार त्या आठवड्यात आला तर वेळेवर कसा पडेल. एका पानाचं काम आहे. पूर ओसरल्यावर मालक तुमच्याशी ज्या आवाजात बोलतील तो वेगळा असेल.

सुपरवायझरला अजून दोन गोष्टी द्या. एक, दोन दिवसांपर्यंतची रजा मंजूर करायचा अधिकार, तोही वर विचारल्याशिवाय. आपल्याकडे रजेचा कागद तीन सह्या फिरतो. माणूस कंटाळून सरळ खाडा करतो. दुसरी, नवा माणूस आला की पहिले सात दिवस तो कुणाच्या हाताखाली आहे ते नावानिशी ठरलेलं. फेटलिंगला सकाळी आलेल्या पोराच्या हातात दहा वाजता ग्राइंडर देतात, हे मी अजूनही बघतो. केआरएची हौस असेल तर ती या दहा-बारा जणांपुरती आणि दोनच प्रश्नांची ठेवा: तुझ्याकडे आलेला नवा माणूस तीन महिने टिकला का, आणि तू कुणाला तुझ्या जागी तयार केलंस.

मालकांकडे जाल तेव्हा एक पान घेऊन जा, आणि त्यावर रुपये लिहा. हिशोब कसा करायचा ते दाखवतो. आकडे धरून चाललोय, तुमचे तुम्ही घाला. समजा फेटलिंगला ४० माणसं आहेत आणि महिन्याला पाच जण सोडून जातात. नव्याचा पगार १६ हजार. पहिला महिना तो अर्धंच काम करतो, म्हणजे आठ हजार गेले. बूट, गॉगल, मास्क, मेडिकल मिळून अडीच हजार. जागा पाच दिवस रिकामी राहिली आणि दुसऱ्याने ओटी केली: रोज साधारण ६१५ रुपये, ओटीला दुप्पट, त्यातून रिकाम्या जागेचा वाचलेला पगार वजा, म्हणजे वरचा बोजा पाच दिवसांचा तीन हजारांच्या आसपास. एका माणसामागे साडेतेरा हजार. पाच माणसांचे साडेसदुसष्ट हजार, वर्षाचे आठ लाख दहा हजार. यात रिजेक्शन आणि रिवर्क धरलेलंच नाही. "ॲट्रिशन वाढलंय" असं म्हणालात तर मालक मान हलवतील. "वर्षाला आठ लाख फेटलिंगच्या दारातून बाहेर जातात" म्हणालात तर खुर्ची पुढे ओढतील.

पुढचा प्रश्न येईलच, का सोडतात? इथे बहुतेक एचआरवाले "पगार कमी आहे" म्हणतात आणि विषय संपतो, कारण पगार वाढवायला मालक तयार नसतो. मी एकदा वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून काढल्या. महिना कुठलाही असो, तारखा येऊन साचल्या होत्या पगारानंतरच्या आठवड्यात, आणि त्यातही पहिल्या पगारानंतर. म्हणजे काम बघून नव्हे, पैसे हातात पडल्यावर पोरं जात होती. मग ठेकेदाराचा हजेरीपट मागवला. तिथं सगळा उलगडा झाला. गावाकडे सांगताना "वीस हजार" सांगितलेले. ते वीस हजार बारा तासांच्या पाळीचे. हजेरीपटात बारा तासांची 'दीड ड्यूटी' लिहायची, म्हणजे वरचे चार तास साध्याच दराने. कायद्याने ते दुप्पट दराने द्यायला लागतात. त्यातून खोलीचं भाडं, मेसचे पैसे, येताना दिलेली उचल वजा. पोराच्या हातात उरतं ते सांगितलेल्याच्या जवळपासही नसतं. तो ठेकेदाराशी भांडत नाही. सामान उचलतो, शेजारच्या शेडमध्ये जातो. तिथंही तेच होतं, मग अजून पुढे.

आम्ही पगार वाढवला नाही. ठेकेदाराला बसवून दुप्पट ओटीचा हिशोब सरळ केला. त्याचा बोजा मालकांनी उचलला, कारण आठ लाखांचं पान त्यांच्यापुढे होतं आणि कायद्याची टांगती तलवारही. भरतीच्या वेळी पोराच्या हातात त्याच्या भाषेत एक चिठ्ठी द्यायला लागलो: आठ तासांचे एवढे, ओटीचे एवढे, कपात एवढी, हातात एवढे. काही जण चिठ्ठी वाचून गेटवरूनच परत गेले. ते गेले तेच बरं झालं. राहिलेल्यांतले बरेच दिवाळी करून परत आले.

दुसरी कारणं बारीक असतात आणि खाली गेल्याशिवाय कळत नाहीत. ग्राइंडर लटकवायची स्प्रिंग तुटलेली, त्यामुळे दिवसभर वजन खांद्यावर. धूळ ओढणारा पाइप चोक झालेला. पिण्याच्या पाण्याचा कूलर मशीन शॉपच्या टोकाला. कोअर शॉपमध्ये बायका असतील तर कपडे बदलायची खोली आणि संडास आधी बघा, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, ती फक्त बोर्डावर आहे की बसते तेही बघा.

आता जरा नाजूक विषय. तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलाय की मोठे मालक अधूनमधून विचारतात, "कोण काय बोलतंय बाहेर? कुणाच्या डोक्यात युनियनचं खूळ आहे?" हा प्रश्न प्रत्येक एचआरवाल्याला येतो. मी तिशीत असताना एकदा उत्तर दिलं. नाव सांगितलं. त्या पोराची मशीनवरून बदली झाली, महिन्याभरात त्याने सोडलं. शॉपला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. त्यानंतर जवळपास दोन वर्षं मी शॉपमध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. कँटीनमध्ये मी बसेन ते बाक रिकामं व्हायचं. मालकांना जे आधी माझ्याकडून कळायचं तेही बंद झालं, म्हणजे त्यांचंही नुकसानच. आता मी विचारणाऱ्याला सांगतो, "साहेब, नाव सांगणार नाही. पण कशामुळे बोलतायत ते पाच मुद्दे देतो, त्यातले दोन आजच मिटतील." एखादा मालक फुगतो. फुगू दे. चार महिन्यांनी त्यालाच कळतं की मुद्दे नावांपेक्षा कामाला येतात.

तीच गत काका-पुतण्यांची. जुने मालक सकाळी शॉपमध्ये एक सांगतात, नवे साहेब दुपारी ईमेलवर दुसरं सांगतात, आणि सुपरवायझर तुमच्याकडे येऊन विचारतो, कुणाचं ऐकू? दोघांमध्ये निरोप्या बनू नका. भरती, उचल, रजा, काढून टाकणं, या चार गोष्टींत शेवटचा शब्द कुणाचा, एवढंच दोघांना एका टेबलावर बसवून लिहून घ्या. नव्या पिढीला तुमच्याकडून खरी मदत हवी असते ती वेगळीच: त्यांना शॉपमधली माणसं नावाने माहीत नसतात, आणि ते विचारायचा संकोच वाटतो. आठवड्यातून एकदा त्यांना सोबत घेऊन एका खात्यातून चक्कर मारा. तुम्ही कमी बोला.

कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तुमच्या मालकांना त्यातलं जे लागेल ते सल्लागाराच्या आधी तुमच्याकडून कळू द्या, पुन्हा रुपयांतच. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले तर वरची रक्कम वेतनातच धरतात. म्हणजे स्टाफमधला एखादा ३० हजारांचा माणूस, बेसिक १२ हजार. आता हिशोबाला १५ हजार. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ने काढली तर आधी सुमारे ६९ हजार, आता सुमारे साडेशहाऐंशी हजार. पंचवीस जणांच्या स्टाफचा हा तक्ता एका दुपारचं काम आहे. शिवाय प्रत्येकाला नेमणूकपत्र, सोडणाऱ्याचा पगाराचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरावीक मुदतीवरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती. ती समिती मनापासून चालवा. तुमच्या वहीतले प्रश्न तिथं न्या.

माणसं बाहेरून विकत आणण्यापेक्षा इथं तयार करणं स्वस्त पडतं, हे मालकांना मान्य असतं, पण करायला कुणी नसतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान. बहुतेक कंपन्या अडीचचा आकडा भरून मोकळ्या होतात आणि पोराला झाडू नाही तर स्टोअरला बसवतात. अडचण अशी की आयटीआयचा पोरगा एसीतल्या सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जायला बघतो, फौंड्रीचं नाव काढलं की आई नको म्हणते. आम्ही एकदा पोरांबरोबर आईबापांनाही बोलावलं. भट्टी लांबून दाखवली, चहा-भडंग दिला, आणि ज्या मुलाने पाच वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून सुरुवात करून आता मेल्टिंगची शिफ्ट घेतली आहे, त्याला बोलायला लावलं. त्याने पगाराची स्लिपच वाचून दाखवली. माझ्या कुठल्याही भाषणाने जे झालं नसतं ते त्या स्लिपने झालं.

सॉफ्टवेअरचं राहिलं. वही, कॅलेंडर आणि एक्सेलवर सहा महिने काढा. त्यात कळेल की तुमची अडचण हजेरी आणि पगार जुळवण्यात आहे की अजून कशात. मग तेवढ्यापुरतंच घ्या, आणि विकणाऱ्याला सांगा की ठेकेदाराच्या माणसांची हजेरीही त्याच यंत्रावर हवी. इथंच बरेच जण आखडतात, कारण दीड ड्यूटी यंत्राला लिहिता येत नाही.

या सोमवारपासून खिडकी आणि वही सुरू करा. मीटिंगच्या वेळेला तुम्ही फेटलिंगला असा. मीटिंग वरच्या मजल्यावर असते, तेव्हा खाली सुपरवायझर जरा मोकळे बोलतात. सोडून गेलेल्यांच्या तारखा मागच्या बारा महिन्यांच्या काढा आणि काय दिसतं ते मला कळवा. पगारानंतरचा आठवडाच निघाला, तर पुढचं बोलण्याआधी ठेकेदाराच्या हजेरीपटाची झेरॉक्स हातात ठेवा. मूळ प्रत तो देणार नाही, एक-दोनदा मागावी लागेल.